हजेरीपत्रक आडवे वाचताना

शाळेचे हजेरीपत्रक आम्ही शिक्षक नेहमी उभे वाचतो. आजच्या तारखेच्या रकान्यात वरून खाली बोट फिरवायचे, कोण आले आणि कोण नाही ते भरायचे, तळाशी बेरीज मांडायची आणि तोच आकडा पोषण आहारासाठी स्वयंपाकघरात कळवायचा, इतके झाले की पत्रक कपाटात जाते. सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी बावीस वर्षे असेच करत आले. सातवीतील एका मुलीच्या गणिताच्या वहीचे शेवटचे पान माझ्यासमोर आले नसते, तर कदाचित आजही मी तेच करत राहिले असते.

त्या पानावर पट्टीने आखलेला एक तक्ता होता. डावीकडे तारखा, त्यापुढे दोन आकडे, 'आधी ५४.५, नंतर ५२', आणि शेवटच्या रकान्यात 'पाणी' या शब्दाखाली मारलेल्या रेघा. प्रथम मला ते एखादे सोडवायचे राहिलेले उदाहरण वाटले. मग तारखांकडे नीट पाहिले तेव्हा लक्षात आले की त्या सगळ्या मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या आहेत. मी उठून हजेरीपत्रक काढले आणि तिच्या नावापुढची ओळ पहिल्यांदाच डावीकडून उजवीकडे, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, सलग वाचली. दर मंगळवारी गैरहजर, दर शुक्रवारी गैरहजर, मधले सगळे दिवस हजर. चार महिने ही गोष्ट माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेली होती.

त्याआधीच्या आठवड्यात मी तिला सगळ्या वर्गासमोर उभे केले होते. "आठवड्यातले दोन-दोन दिवस बुडवायचे आणि मग अपूर्णांक येत नाहीत म्हणायचं," असे मी बोलले होते, आणि ती मान खाली घालून ऐकत राहिली होती. वर्णनात्मक नोंदींच्या वहीत मी तिच्या नावाखाली लिहिले होते, 'अनियमित. पालकांचे लक्ष नाही.' त्यातले पहिले वाक्य अर्धवट खरे होते. दुसरे इतके चुकीचे होते की ते लिहिणारा हात माझाच होता, याचे मला अजूनही वाईट वाटते.

त्या रविवारी मी तिच्या घरी गेले. वडील पूर्वी मालवाहू टेम्पो चालवत. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिस घ्यावे लागत होते. आई रोज खुरपणीला किंवा काढणीला जाई, कारण घरात येणारा पैसा तेवढाच होता आणि खाडा झाला की त्या दिवसाची हजेरी बुडे. धाकटा भाऊ दुसरीत होता. डायलिसिसचा एक फेरा साधारण चार तासांचा असतो. त्यात जाण्यायेण्याचा वेळ आणि नंबर लागेपर्यंतची वाट पाहणे धरले की पूर्ण दिवस जातो. शिवाय फेरा संपल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येण्याची भीती असल्याने रुग्णाला एकटे सोडता येत नाही. म्हणून बरोबर कोणीतरी हवे, आणि ते कोणीतरी म्हणजे बारा वर्षांची ही मुलगी.

पण सोबत जाणे हा तिच्या कामाचा सर्वांत सोपा भाग होता, हे मला तिथे बसल्यावर कळले. मूत्रपिंड काम करत नसले की प्यायलेले पाणी अंगातच साठत जाते, त्यामुळे अशा रुग्णाला दिवसभरात किती पाणी प्यायचे ते डॉक्टर ठरवून देतात. त्या घरात स्टीलच्या एका पेल्यावर आतून लाल नेलपॉलिशची बारीक रेघ मारलेली होती. रेघेपर्यंत भरलेला एक पेला, की वहीत एक रेघ. वहीतले 'आधी' आणि 'नंतर' हे आकडे म्हणजे डायलिसिसच्या आधीचे आणि नंतरचे वडिलांचे वजन. ठरलेल्या रेघा भरल्या की त्यानंतर वडिलांनी कितीही मागितले तरी पाणी द्यायचे नाही, हे काम तिच्याकडे होते. एप्रिल-मे महिन्यात तहानेने ओठ सुकलेल्या बापाला लेकीने पाणी नाकारायचे, म्हणजे काय करायचे, याचा विचार वाचकांनी स्वतःच्या घरातल्या बारा वर्षांच्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे आणून करावा. "पप्पा चिडत नाहीत बाई, नुसतं बघतात," ती मला म्हणाली.

स्वयंपाकातही तिचे असेच नियम होते. बटाटा आणि पालेभाज्या आधी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यायचे आणि मगच फोडणीला टाकायचे, कारण त्यातले पोटॅशियम अंगात वाढले तर थेट हृदयावर परिणाम होतो. मी बसले असतानाच भावकीतले एक आजोबा भेटायला आले आणि त्यांनी प्रेमाने दोन शहाळी आणली. आजाऱ्याला शहाळे न्यायचे ही आपल्याकडची रीतच आहे, परंतु शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते आणि अशा रुग्णाला ते धोक्याचे ठरू शकते. त्या मुलीने उठून अगदी नम्रपणे ती शहाळी हातात घेतली, "आजोबा, पप्पांना चालत नाही, मी भावाला देते," असे सांगितले आणि आत नेऊन ठेवली. आजोबांना ते आवडले नाही, ते त्यांच्या तोंडावर दिसत होते. वडीलधाऱ्या माणसाचा शब्द मोडायचा नाही असे आम्ही शाळेत शिकवतो, आणि ही मुलगी रोज तो शब्द मोडत होती, कारण तिला त्यामागचे कारण समजत होते.

निघताना मी आणखी एक गोष्ट पाहिली. डायलिसिससाठी हाताची शीर आणि धमनी शस्त्रक्रियेने जोडतात, त्या जोडणीला फिस्टुला म्हणतात. तो चालू असेल तर त्यावर बोटे ठेवली की एक बारीक थरथर जाणवते, आणि ती रोज तपासायची असते, कारण थरथर थांबली तर तातडीने रुग्णालयात कळवावे लागते. ती मुलगी वडिलांच्या डाव्या मनगटावर तळहात ठेवून, डोळे मिटून, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आहे." नंतर तिने मला सांगितले की रात्री जाग आली की अंधारात उठून ती पुन्हा एकदा हात ठेवून बघते. कधी दोनदा, कधी तीनदा. सकाळच्या पहिल्या तासाला ती पेंगते म्हणून मी तिला तोंडावर पाणी मारून यायला सांगत असे, ते मला तेव्हा आठवले.

अशी मुले फक्त याच एका घरात आहेत असे नाही. त्यानंतर मी आडवे वाचू लागले तेव्हा आणखी काही ओळी दिसल्या. पाचवीतला एक मुलगा अर्धांगवायू झालेल्या आजोबांना रोज सकाळी कूस बदलून देऊन, पुसून आणि मगच शाळेत येत असे. मुलगा असल्यामुळे हे काम तो करत असेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते, आणि मित्र हसतील म्हणून तोही कधी बोलला नव्हता. एका मुलीच्या आईला मानसिक आजार होता आणि ती आईच्या गोळ्यांची वेळ सांभाळत असे. त्या घराने मात्र हा आजार इतका झाकून ठेवला होता की शाळेत येऊन आईविषयी काहीही बोलायचे नाही, हेही त्या मुलीच्या कामांपैकीच एक झाले होते. एक मुलगा क्षयरोग झालेल्या आईची सगळी सेवा करत होता. क्षयरुग्णाच्या घरातील सर्वांची तपासणी व्हावी असा नियम असूनही त्याला स्वतःला कोणी तपासायला नेले नव्हते. आशाताईंना सांगितल्यावर ते काम आठ दिवसांत झाले. सेवा करणाऱ्या मुलाचेही एक शरीर असते, ही साधी गोष्ट घाईत सगळेच विसरतात.

या मुलांकडे शासनाचे लक्ष का जात नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्याकडे सलग एक महिन्याहून अधिक काळ गैरहजर राहणारे मूल शाळाबाह्य धरले जाते, मग त्याचा शोध घेतला जातो, त्याच्यासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. पण आठवड्यातून दोनच दिवस चुकणारे मूल कधीच सलग महिनाभर चुकत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीसाठी वर्षाचे किमान २२० कामाचे दिवस धरले, तर सहा दिवसांच्या आठवड्यातले दोन दिवस म्हणजे सत्तरहून अधिक दिवस होतात. वर्षाचा तिसरा हिस्सा बुडतो आणि तरीही ते मूल कोणत्याही यादीत येत नाही. बालमजुरीचा कायदाही इथे लागू पडत नाही, कारण आईबापाची सेवा ही मजुरी नव्हे, आणि ती मजुरी ठरावी असे माझेही म्हणणे नाही. ब्रिटनमध्ये अशा मुलांसाठी 'यंग केअरर' असा शब्द रूढ आहे, इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने त्यांच्या गरजांची पाहणी करण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली आहे, आणि २०२३ पासून तिथल्या शाळांच्या गणनेत त्यांची नोंद मागितली जाते. आपल्याकडे या मुलांना वेगळे असे नाव नाही, आणि आमच्या हजेरीपत्रकात त्यांचा रकानाही नाही.

आपल्याकडे त्यांच्यासाठी आहे तो श्रावणबाळाचा दाखला. त्या वर्षी २६ जानेवारीला गावातील काही मंडळींनी त्या मुलीचा सत्कार करायचे ठरवले. हेतू चांगला होता, त्यांना तिचे खरोखरच कौतुक होते. फलकावर 'आमच्या गावचा श्रावणबाळ' असे लिहायचेही ठरले. मी तिला विचारले तेव्हा ती रडवेली झाली आणि म्हणाली, "मला नका उभं करू बाई." पुष्कळ वेळाने तिने कारण सांगितले. कार्यक्रमात सगळ्यांनी शहाणी म्हटल्यावर, एखाद्या मंगळवारी तिला जावेसे वाटले नाही तर ते ती कोणाला सांगणार होती?

हे ऐकल्यापासून मी 'किती समजूतदार पोर आहे' हे वाक्य मुलांच्या तोंडावर बोलणे सोडून दिले आहे. हे वाक्य आपण मायेने बोलतो, पण ते ऐकणाऱ्या मुलाला त्यात एक अट ऐकू येते. समजूतदार मूल थकत नाही, चिडत नाही, मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचा हट्ट धरत नाही, आणि बाप मरेल की काय या भीतीने रात्री जागते हे कोणाला सांगत नाही. शिक्षेने मूल गप्प बसते हे मला आधीपासून माहीत होते. कौतुकानेही ते तितकेच गप्प बसते, हे मी त्या जानेवारीत शिकले. सत्कार आम्ही रद्द केला आणि त्या मंडळींना मी दुसरेच एक काम सुचवले, त्याविषयी पुढे सांगते.

आधी शाळेतल्या गोष्टी सांगते, कारण त्यांना पैसा लागला नाही आणि कोणाची परवानगीही लागली नाही. माझ्या वर्गाचे गणिताचे नवे घटक मी मंगळवारी आणि शुक्रवारी सुरू करणे बंद केले. त्या दिवशी सराव, चित्रकला, वाचन. तिच्या शेजारी बसणारी मुलगी त्या दोन दिवसांच्या वह्या संध्याकाळी तिच्या घरी पोचवू लागली. गृहपाठ रोजचा रोज न मागता आठवड्याचा एकदम शनिवारी घेऊ लागले. आकारिक चाचण्या सोमवारी, बुधवारी किंवा गुरुवारी. मुख्याध्यापकांनी कार्यालयातील दूरध्वनीचा क्रमांक तिच्या वडिलांना दिला आणि काही झाले तर निरोप लगेच वर्गात येईल असा शब्द दिला. या शेवटच्या गोष्टीचा परिणाम सर्वांत जास्त झाला असे मला वाटते. पूर्वी ती दर मोकळ्या वेळात फाटकाकडे बघत असे. फोन आला तर कळेल याची खात्री पटल्यावर तिचे फाटकाकडे बघणे कमी होत गेले.

मुलांशी बोलायचे कसे, हेही मला चुकत चुकतच समजले. 'घरी सगळं ठीक आहे ना?' असे विचारले की उत्तर ठरलेले असते, 'हो बाई.' त्याऐवजी ग्रंथालयाची पुस्तके लावताना, हात कामात असताना, 'काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस, ते सगळं सांग' असे म्हटले की मूल घड्याळाप्रमाणे सांगत जाते आणि त्या सांगण्यातून घर दिसू लागते. ऐकताना मध्येच हळहळायचे नाही. आपण हळहळलो की मूल आपल्याला सांभाळू लागते, आणि सांभाळायला त्याच्याकडे आधीच एक माणूस आहे.

आता गावकऱ्यांच्या कामाविषयी. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी कोणाचेही नाव न घेता एवढाच प्रश्न ठेवला की एखाद्या रुग्णाबरोबर आठवड्यातून दोन दिवस रुग्णालयात जाऊन बसायला गावात मोठे माणूस मिळणार नाही का. मुलीच्या आईवडिलांची संमती मी आधी घेतली होती, कारण गावात गोष्टी नाव न घेताही कळतात. सत्काराच्या तयारीत असलेल्या तरुण मंडळातील चार जणांनी शुक्रवार आळीपाळीने घ्यायचे कबूल केले. मंगळवारी तिचे मामा शेजारच्या गावाहून येऊ लागले. त्यांना आजवर कोणी विचारलेच नव्हते, आणि बहिणीने मागितल्याशिवाय आपण कसे म्हणायचे, म्हणून तेही गप्प होते. माणसे मदतीला तयार असतात, पण 'काही लागलं तर सांगा' या वाक्यापाशी थांबतात. वार आणि वेळ ठरवून मागितले की ती येतात.

शासकीय योजनांविषयी एक गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती मलाही वीस वर्षे नोकरी करून माहीत नव्हती. महिला व बाल विकास विभागाची बालसंगोपन योजना, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे, ती फक्त अनाथ मुलांसाठी आहे असा सर्वत्र समज आहे. प्रत्यक्षात पालक दुर्धर आजाराने ग्रस्त असतील तर अशा मुलांचाही तिच्यासाठी विचार होतो, आणि मंजुरी मिळाल्यास मुलामागे दरमहा २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे जातो आणि आदेश बालकल्याण समिती देते. कागद जमवायला आम्हाला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला, त्यात आईचे चार खाडे झाले. शाळेकडून मिळणारे कागद तरी तिला एकाच फेरीत मिळावेत एवढे आम्ही पाहिले. वडिलांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्जही तहसील कार्यालयात केला. आणि मुलाच्या मनावरचा ताण आपल्या हाताबाहेरचा वाटला तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, संकटातील मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही क्रमांक मी आता वर्गाच्या दारामागे, मुलांच्या उंचीवर लावून ठेवले आहेत, म्हणजे पाहताना कोणी पाहात नाही.

इतके सगळे जुळून आल्यावर तिला हलके वाटेल अशी माझी अपेक्षा होती. पहिल्या मोकळ्या शुक्रवारी ती शाळेत आली आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. मधल्या सुट्टीत मी जवळ बसले तेव्हा म्हणाली, "त्यांना वजन लिहायचं माहीत नाही." मला वाटले होते की तिच्या डोक्यावरचा भार उतरवला, म्हणजे झाले, पण त्या भारातच तिचे वडिलांशी असलेले नाते होते, त्यांच्या आजारातली तिची जागा होती, आणि ती जागा आम्ही तिला न विचारता दुसऱ्या कोणाला देऊन टाकली होती. मग आम्ही तिच्याबरोबर बसून कामे वाटून घेतली. वजन त्या दिवशी बरोबर जाणाऱ्याने कागदावर लिहून आणायचे आणि वहीत तिने उतरवायचे. पाण्याचा पेला आईने किंवा वडिलांनी स्वतः सांभाळायचा, तो तिने सोडावा यासाठी मात्र मी आग्रह धरला, आणि वडिलांनी त्याच दिवशी तो आपल्या उशाशी ठेवून घेतला. भाजी रविवारची तिची, इतर दिवशी आईची. मनगटावर हात ठेवून थरथर बघायचे काम ती कोणाला द्यायला तयार झाली नाही. झोपायच्या आधी एकदाच बघायचे, रात्री उठायचे नाही, यावर आमचे जमले. हा शब्द तिने किती पाळला ते मला ठाऊक नाही, पण पहिल्या तासाला ती जागी असे.

सातवी झाल्यावर आमच्या शाळेची मुले हायस्कूलला जातात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीसाठी एक ओळ असते, तिच्यात 'चांगली' यापलीकडे फारसे कोणी लिहीत नाही आणि लिहिण्यासारखी तिथे जागाही नसते. म्हणून नव्या वर्गशिक्षकांसाठी मी वेगळे पत्र लिहिले, त्यात मंगळवार-शुक्रवारची हकीकत, चाचण्यांचे वार, शनिवारचा गृहपाठ, फोनचा निरोप असे सगळे सविस्तर मांडले, आणि पाठवण्याआधी ते तिच्या आईवडिलांना आणि तिला वाचायला दिले. आईवडिलांनी मान डोलावली. तिने पत्र दोनदा वाचले, माझ्याकडून पेन मागून घेतले आणि शेवटी आपल्या हाताने एक वाक्य वाढवले, 'काही विचारायचे असेल तर वर्गात सगळ्यांसमोर विचारू नये.'